वीतभर माती

पितृपंधरवडा संपत आला की दादरच्या फुलबाजाराच्या कडेने मातीच्या पिशव्या दिसू लागतात. पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या, तोंडाला रबर, शेजारी मातीचे घट, परड्या आणि धान्याच्या पुड्या. पिशवीतली माती काळीभोर, भुसभुशीत, चाळून घेतलेली. इतकी देखणी माती पाहिली की माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच की हिच्यात काहीतरी गडबड आहे.

"कुठची हो माती?" मी दरवर्षी विचारते.

"शेतातली, ताई. एकदम ओरिजिनल."

"कुठल्या शेतातली?"

यावर विकणारी बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते. "घ्यायची तर घ्या ना. शेताचा पत्ता कशाला पायजे? तिकडं राहायला जाणार काय?"

मी घेत नाही. आमच्या परळच्या घरात घटाची माती विकत आणायची पद्धत नाही. ती गावाहून येते, मालवणच्या अलीकडे असलेल्या आमच्या शेतातून, खासगी बसच्या डिकीत बसून. पण विकत घ्यायची नसली तरी पिशवी हातात घेऊन दाबून बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. यंदाही दाबून पाहिली. मऊ होती. आणि मला ते नवरात्र आठवलं ज्यात आमच्या घरी मऊ माती आली होती.

संशय घेणं हा माझा पगारी उद्योग आहे. मी विमा कंपनीत दावे तपासते. पाण्याने खराब झालेले टीव्ही, चोरीला गेलेल्या बॅगा, जिन्यावरून पडून मोडलेले हात, सगळं आधी माझ्या टेबलावर येतं आणि मी त्यात खोट शोधते. नाना, म्हणजे माझे वडील, बसचे तिकीट तपासनीस होते. बसमध्ये चढल्या चढल्या कोण खिडकीबाहेर बघायला लागतं, कोणाला एकदम झोप येते, यावरून ते बिनतिकिटाचा माणूस ओळखायचे. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नाही. वरळी कोळीवाड्यात मासे घ्यायला गेले की प्रत्येक माशाचा कल्ला उचलून आत बघायचे, डोळ्याला बोट लावायचे, पोट दाबायचे. शेवटी एकदा कोळीण वैतागून म्हणाली, "काय रे बाबा, मासा घेतोस का पोरगी पसंत करतोस?" नाना शांतपणे म्हणाले, "पोरगी पसंत करताना फसलो तर निभावता येतं. मासा फसला तर पोट बिघडतं." आई शेजारीच उभी होती. त्या दिवशी मासा तिने केला, पण वाढला मात्र आदळून.

तर अशा घराण्याची वडिलोपार्जित जमीन चिरेखाणीला गेली.

आमचा तुकडा भरडातला आहे. भरड म्हणजे माळाच्या कडेचं, भात न होणारं शेत. नाचणी, वरी, कुळीथ एवढंच त्यात निघायचं. वर वीतभर माती आणि खाली सगळा जांभा दगड. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापले तुकडे खाणवाल्याला दिले आणि मधे आमचा एकटा उरला. खाणीची लाल धूळ तशीही आमच्याच नाचणीवर बसत होती. गावचं घर आणि शेत माझा चुलतभाऊ सुधादादा बघतो. तो म्हणाला, देऊया. नानांनी पुष्कळ दिवस घोळ घातला आणि शेवटी एका अटीवर होकार दिला.

चिरेखाण सुरू करायची तर आधी वरची माती खरवडून बाजूला काढतात. मग यंत्राने चिरे कापत खाली जातात. दगड संपला की खड्ड्यात चुरा आणि डबर भरायचं आणि बाजूला ठेवलेली माती त्यावर परत पसरायची, म्हणजे शेत पुन्हा शेत होतं. बोलायला हे इतकंच आहे. पण बाजूला ठेवलेली ती माती मधल्या वर्षांत कुठे जाते, हे विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. कोणाच्या अंगणात जाते, कोणाच्या रस्त्याखाली जाते, बरीचशी नर्सरीवाले उचलतात. खाण संपते तेव्हा पसरायला काही उरलेलंच नसतं. नानांची अट होती की आमची माती खाणीवर राहणार नाही. ती आमच्या घरामागे, आमच्या नजरेसमोर राहील.

खाणवाला गोड माणूस होता. "काका, तुम्ही म्हणाल तसं," म्हणायचा. जाताना आंब्याची पेटी ठेवून गेला. नानांनी पेटीतला प्रत्येक आंबा हुंगून पाहिला आणि म्हणाले, "इतके चांगले आंबे देतोय म्हणजे माती नक्की नेणार."

मग घरामागे मातीचा ढीग रचला गेला. जागा थोडी, म्हणून उंच रचला, पार पडवीच्या कौलांपर्यंत. पावसाने वाहून जाऊ नये आणि कोणी घमेलंभर उचललंच तर कळावं म्हणून नानांनी त्यावर निळं जाड प्लास्टिक घालायला लावलं, चहूबाजूंनी चिरे ठेवून घट्ट दाबलेलं. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. आमच्याकडे खळ्यावर भाताची रास पडली की तिच्याभोवती राखेची रेघ ओढतात. रेघ मोडली तर रात्रीत कोणाचा तरी हात लागला असं समजायचं. नानांनी तीच युक्ती मातीला लावली. राखेऐवजी चुना घेतला आणि ढिगाभोवती रेघ ओढली. मातीच्या राशीला चुन्याची रेघ घालणारा माणूस अख्ख्या पंचक्रोशीने पहिल्यांदाच पाहिला असेल. मी तेव्हा हसले होते, पण मनातून मला ते पटलंही होतं.

त्यानंतर परळच्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी टीव्हीच्या बातम्यांऐवजी ढीग लागायचा. नाना सुधादादाला व्हिडिओ कॉल करायचे. तब्येत, पाणी, गुरं, कशाचीही चौकशी न करता थेट, "ढीग दाखव."

"नानानू, माती खय पळान जातली? ती काय कोंबडी आसा?"

"मागची बाजू दाखव."

सुधादादा फोन घेऊन ढिगाला प्रदक्षिणा घालायचा. "ह्या बगा. रेघ आसा तशीच आसा." त्याच्या आवाजात एक थकवा असायचा. तो मला तेव्हाही ऐकू यायचा. पण बिनतिकिटाची माणसंही अशीच थकल्यासारखी बोलतात, असं नानांचं म्हणणं.

मला आता वाटतं, या शहरात राहून मातीबद्दल संशय न येणं हेच कठीण आहे. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये आहे. तो बांधताना तळघरासाठी केवढा तरी खड्डा खणला होता आणि डंपर भरभरून माती बाहेर जात होती. ती कुठे गेली, कोणी विचारलं नाही. मग टॉवर उभा राहिला, त्याच्या मधल्या गच्चीवर बाग करायचं ठरलं, आणि डंपर भरभरून माती आत यायला लागली. लालभडक, जांभ्याची. एका सकाळी ऑफिसला शिरताना ती मला दिसली. मी इकडे तिकडे बघितलं आणि डब्याचं झाकण काढून त्यात मूठभर माती घेतली. सिक्युरिटीवाला बघत होता. "मॅडम, कुंडीसाठी पाहिजे तर पिशवीत देतो ना," म्हणाला. मी त्याला काय सांगणार, की ही माझ्या शेताची आहे का ते बघायला नेतेय?

नानांनी ती माती तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली, हुंगली आणि चक्क जिभेच्या टोकाला लावली.

"आपली नाही."

"कशावरून?"

"आपल्या मातीत एवढा तोरा नाही." थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण कोणाची तरी आहे." आणि हात धुवायला उठले.

सुकी मासळी आणायला आम्ही कधीतरी कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायचो. बोंबील आणि जवळा घेऊन परतताना नाना समोरच्या उंच इमारतींकडे बघून हमखास म्हणायचे, "ही सगळी जमीन समुद्रात भराव टाकून केलेली. भराव कुठून आणला असेल?" मला त्या इमारतींपुढे उभं राहून कधी अभिमान वाटला नाही की हेवा वाटला नाही. मला फक्त कुठेतरी एखादा माळ दिसायचा, वरची साल काढलेला.

खाण संपली तेव्हा आम्ही मे महिन्यात गावाला गेलो होतो. खड्डा डबराने भरून झाला होता. सुधादादाने चिरे बाजूला केले आणि प्लास्टिक ओढलं. नाना चुन्याची रेघ तपासत ढिगाभोवती फिरून आले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू बसभर माणसांमध्ये एकही बिनतिकिटाचा निघाला नव्हता. खाणवाला म्हणाला, "काका, एवढी सांभाळलेली माती मी पहिल्यांदा बघतोय." त्याचंही खरं होतं. माती सगळीच्या सगळी होती. फक्त प्लास्टिक निघालं तेव्हा एक वास आला. तुंबलेल्या मोरीसारखा. आम्ही सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले आणि कोणीतरी म्हणालं, पाणी मुरलं असेल, उन्हाने जाईल.

जेसीबीने माती परत पसरली. नानांनी स्वतः उभं राहून पसरून घेतली. जेवताना सुधादादा म्हणाला, "आता शेत लागला तर ऱ्हवतलंय. नाय तर मुंबैक येतंय." खाण होती तोवर तिथे त्याला काम होतं. आता ते संपलं होतं. वहिनी वाढत होती, तिने काही मान वर केली नाही. पण भाताचा डाव हातात तसाच राहिला.

तो पावसाळा मी फोटोंमध्ये पाहिला. सुधादादा नाचणीचे फोटो पाठवायचा. हिरव्या पात्या, पात्यांवर थेंब. "बरा आसा. रुजता हळूहळू." नाना फोटो चाळीतल्या सगळ्यांना दाखवायचे. मी मात्र ते फोटो बघून अस्वस्थ व्हायचे, कारण सगळे फोटो जवळून काढलेले होते. माझ्याकडे दाव्यांसोबत फोटो येतात. ज्याचं खरंच नुकसान झालेलं असतं तो अख्ख्या खोलीचा फोटो काढतो. ज्याला काही लपवायचं असतं तो जवळून काढतो. मी सुधादादाला लिहिलं, जरा लांबून काढ ना, सगळं शेत दिसेल असं. त्यावर उत्तर आलं की पाऊस फार आहे. दुसऱ्या वेळी उत्तर आलं की रेंज नाही. रेंज नाही हा निरोप कोणत्या रेंजवरून आला, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, नेली. खाणवाल्याने नाही नेली ती यानेच विकली, पसरल्यानंतर. आपल्याच भावाबद्दल असं वाटताना वाईट वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं नाही, राग आला.

आणि मग नवरात्र आलं. आई गेल्यापासून घट मी बसवते. सकाळी लालबागला बस आली, क्लीनरने डिकीतून नायलॉनची पिशवी काढून दिली. पिशवी उघडली आणि मी चकित झाले. काळसर, ओलसर, हातात घेतली की मोकळी होणारी माती. नानांनी मूठ नाकाला लावली आणि डोळे मिटले. "बघ," म्हणाले, "माती परत लागली."

परडीत माती पसरली, धान्य पेरलं, मधे घट ठेवला, पहिली माळ चढवली. तिसऱ्या माळेला कोंब दिसले. पाचव्या माळेला परडीत बोट शिरणार नाही इतकी दाट रुजवण. चाळीतल्या बायका बघायला यायच्या, हात जोडायच्या, आणि नाना खुर्चीतून म्हणायचे, "खाणीत गेलेलं शेत आहे आमचं. माती सांभाळली म्हणून आज हे दिसतंय." सगळ्यांना ते इतक्यांदा सांगून झालं की शेजारच्या परबकाकू ते वाक्य नानांच्या आधीच म्हणायला लागल्या.

सातव्या माळेला पाणी शिंपडताना रुजवणीच्या मुळाशी मला काहीतरी चकाकताना दिसलं. मी चिमटीने काढलं. माशाचं खवलं होतं. अजून उकरलं तर लसणीचं साल आणि कोलंबीच्या डोक्याचा वाळका तुकडा निघाला. ऐन नवरात्रात, घरात मासळीचं नाव काढायचं नाही त्या दिवसांत, देवीच्या पायाशी कोलंबीचं डोकं! मी ते सगळं मुठीत लपवलं. नाना पेपर वाचत होते.

भरडात मासळी कोणी धूत नाही. मी फोन घेऊन चाळीच्या गॅलरीच्या टोकाला गेले आणि वहिनीला लावला.

"वहिनी, माती कुठची पाठवलीस?"

"कित्या गो? रुजूक नाय?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"रुजलंय. म्हणूनच विचारतेय. त्यात खवलं सापडलं."

मागे कोंबडं ओरडत होतं. मग ती म्हणाली, "बेबीताय, आता खोटा कित्या सांगू? ती भरडातली नाय. परसातली आसा, आळवाच्या वाफ्यातली. मासळेचा पाणी मी थयच ओततंय."

"आणि भरडातली?"

"भरडात काय रुजूक नाय गो. नाचणो घातलो तो कुजान गेलो. कडेक चार रोपां इली, त्येंचेच फोटो धाडले. पाणी नुसता वर ऱ्हवता, आणि सुकला की पापडासारखी साल धरता. गवतसुद्धा येयत नाय." ती रडत होती. "नानांका कळला तर ते म्हणतले, सुध्यान माती इकल्यान. ह्येंनी वरसां वरसां त्या ढिगाक फेरे घातले आणि तेंच्यावरच बोल येतलो. म्हणान मी ही धाडलंय. हे आता मुंबैक येवच्या गजाली करतत, खयच्या टावरात वाचमन म्हणान. ह्या घर बंद करून मी खय ऱ्हवू?"

माझ्याकडे रोज खोटे दावे येतात. ज्यात खोटं सापडतं, तिथे माझं काम संपतं. मला इतकी सवय झाली होती की खोटं सापडल्यावर पुढे काय करायचं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. मी गॅलरीत उभी राहिले. खाली वडापाववाला तेल बदलत होता आणि मुठीत ते खवलं टोचत होतं.

माती पोत्यात भरून विकली गेली नव्हती. ती तिथेच होती, सगळीच्या सगळी. मग मला तो वास आठवला आणि मी ऑफिसात बसून थोडं वाचून काढलं. माती फार उंच रचली, झाकून घट्ट बंद केली की आतली हवा संपते. गांडुळं, किडे, मुळं, जे काही तिला माती बनवतं ते सगळं मरतं. असा ढीग बुटका आणि मोकळा ठेवायचा असतो, वर ताग किंवा गवत पेरायचं असतं. म्हणजे आमच्या मातीला चोराने हात लावला नव्हता. चोराने हात लावू नये म्हणून जे केलं त्याने तिचा जीव गेला होता. हे नानांना सांगायचं म्हणजे त्यांच्या आयुष्यातल्या एकमेव विजयावर पाणी टाकायचं. न सांगावं, तर वहिनी वाफ्यातली माती पाठवत राहील, सुधादादा जवळून फोटो काढत राहील, आणि एक दिवस घराला कुलूप लावून परळला येईल.

नवमीला मी नानांच्या समोर जाऊन बसले. खवलं कागदात बांधून ठेवलं होतं, ते उघडून दाखवलं.

त्यांनी चष्मा न लावताच बघितलं. "तुला आज दिसलं?"

"सातव्या माळेला."

"मला पिशवी उघडली तेव्हाच दिसलं. वासही आला. परसातली आहे."

हाच माणूस माशाच्या डोळ्याला बोट लावणारा, आंबे हुंगणारा. "मग बोलला का नाहीत? उलट सगळ्या चाळीला सांगत बसलात!"

"सुधाच्या बायकोने आपली म्हणून पाठवली आहे ना? मग चाळीला दुसरं काय सांगायचं?" नानांनी खवलं परत कागदात गुंडाळलं. "आणि बोललो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं. प्लास्टिक ओढलं तेव्हा वास आला होता, आठवतं? मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण ते प्लास्टिक कोणी घालायला लावलं?"

मी नानांना रडताना पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही धड पाहिलं नाही, कारण ते उठून मोरीकडे गेले आणि नळ मोठा सोडला.

दिवाळीत आम्ही गावाला गेलो. शेत वहिनीने सांगितलं होतं तसंच होतं. वर कडक खपली, मधे मधे डबकी, आणि कडेने गवत थांबलेलं, जसं काही त्यालाही आत पाऊल टाकायची भीती वाटत होती. सुधादादा बांधावर लांब उभा होता. चौकशीला उभं केलेल्या माणसासारखा, हात मागे बांधून. नाना खपलीवरून चालत त्याच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "सुधा, प्लास्टिक माझं. तुझी रेघ बरोबर होती." सुधादादाने मान हलवली. खाली बसून खपलीचा एक तुकडा मोडत राहिला. नाना त्याच्या शेजारी बसले. मी आणि वहिनी अलीकडच्या बांधावरून बघत होतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणाचाच संशय आला नाही. फार बरं वाटलं असं नाही. हलकं आणि थोडं उघडं पडल्यासारखं वाटलं.

त्यानंतर शेत पुन्हा शेत करायचं काम सुरू झालं. पालापाचोळा, शेणखत, पावसात ताग पेरून फुलोऱ्याआधी तो तिथेच गाडायचा. पहिल्या वर्षी तागही रुसला. दुसऱ्या वर्षी गुडघ्यापर्यंत आला. सुधादादा मुंबईला येण्याचं पुढच्या मिरगावर ढकलत राहिला. नवरात्रात माती मात्र वहिनी परसातलीच पाठवायची. आम्हाला ते माहीत होतं, तिला ते आम्हाला माहीत असल्याचं माहीत होतं, आणि कोणी काही बोलत नव्हतं. एवढंच की ती आता चाळणीने चाळून यायची. घट दाट यायचा, बायका हात जोडायच्या, नाना गप्प बसायचे. परबकाकू जुनं वाक्य म्हणायला लागल्या की ते पंख्याकडे बघायचे.

यंदाची पिशवी बसमधून उतरवली तेव्हाच मला ती वेगळी लागली. जड होती. उघडली तर लालसर, ढेकळांची, बोटांना जरा खरखरीत लागणारी माती. मी हुंगली. मासळीचा वास नाही, मोरीचा नाही. काडीकचरा होता, तागाच्या वाळक्या काटक्या होत्या. मी चहाची गाळणी घेऊन बसले आणि चमच्या चमच्याने चाळली, लसणीचं साल सापडतंय का म्हणून. सवय जात नाही. काही सापडलं नाही. वहिनीचा आवाजी निरोप आला होता. "ह्यावेळी भरडातलीच धाडलंय. ह्यांनी नको म्हटल्यांनी, तरी धाडलंय. रुजूक नाय तर माका बोल लावू नको."

नाना म्हणाले, "नाही रुजलं तरी चालेल, असं कळव." मी तसं कळवलं. पण रोज सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, ते परडीपाशी जाऊन वाकून बघत होते. तिसरी माळ झाली, चौथी झाली. पाचव्या माळेला परबकाकू आल्या आणि चुकचुकल्या. "बेबी, अगं यंदा काहीच नाही की! असा घट बरा नाही दिसत. दादरहून पिशवी आणायचीस ना."

"आमच्या शेतातली आहे," नाना खुर्चीतून म्हणाले.

सहाव्या माळेला कडेकडेने कोंब वर आले. फिकट, वाकडे, एकमेकांपासून फटकून उभे. मधला भाग तसाच रिकामा राहिला. आमचा घट यंदा नानांच्या डोक्यासारखा आला आहे, कानांच्या वर झालर आणि मधे तुळतुळीत. ते त्यांनाच म्हटलं तर त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि हसले.

वहिनीचा फोन संध्याकाळी आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"रुजला?"

"रुजलं, वहिनी."

अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "खरा सांगतंस? माझ्या समाधानाक तर नाय ना सांगनस?"

मी फोन हातात धरून परडीकडे बघत राहिले. आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारला होता. मला तो कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"खरं, वहिनी. पण विरळ आलंय. वाकडे कोंब आहेत. आणि मधे मोठं टक्कल पडलंय, तिथे काहीच नाही."

"टक्कल?"

"हो. तळहाताएवढं."

तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. फोन तसाच चालू ठेवून ती अंगणाकडे धावली, आणि मला लांबून तिचं ओरडणं ऐकू आलं, "अवो, ऐकलात? मधी टक्कल आसा म्हणता! रुजला, रुजला!"